टनाचा हिशेब

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत मोठ्या ट्रकखाली माणूस गेला की बातमी ठरलेली असते. ट्रक भरधाव होता, चालक पसार झाला, संतप्त गावकऱ्यांनी चक्काजाम केला, मदतीचे लेखी आश्वासन मिळाल्यावर मृतदेह उचलला गेला. या बातमीत दोन समजुती दडलेल्या आहेत. पहिली, अपघाताचे कारण चालकाच्या हातापायांत असते. दुसरी, भरपाई म्हणजे दुःखावर घातलेली फुंकर. ती जितकी लवकर मिळेल तितकी बरी.

माझे म्हणणे असे की या दोन्ही समजुती उथळ आहेत आणि एकमेकींच्या आधाराने उभ्या आहेत. कारणाचा शोध चालकापाशी थांबतो, म्हणून भरपाईचा बोजा माल पाठवणाऱ्याच्या हिशेबात कधी चढत नाही. आणि भरपाईचा सौदा रस्त्यावरच ठरतो, म्हणून खरे कारण शोधण्याची कुणाला गरज उरत नाही. खाणीच्या वजनकाट्यापासून कारखान्याच्या वजनकाट्यापर्यंत टनामागे कमावणारी एक साखळी आहे. मेलेल्या आणि अपंग झालेल्या माणसांची किंमत तिच्या खर्चाच्या बाजूला जोवर लिहिली जात नाही, तोवर ट्रकचा वेगही कमी होणार नाही आणि भारही.

१. ‘अतिवेग’ नावाचा रकाना

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे मेली. यांतल्या ७० टक्क्यांहून अधिक मृत्यूंपुढे कारण म्हणून ‘अतिवेग’ लिहिलेले आहे. या आकड्यावर व्याख्याने होतात, शाळांत चित्रकला स्पर्धा होतात. पण हा रकाना भरतो कोण? घटनास्थळी पोहोचलेला पोलिस कर्मचारी, चेंदामेंदा झालेले वाहन पाहून. धडक जोराची होती, म्हणजे वेग होता. हे खोटे नाही, पण निरुपयोगी आहे. ताप आला होता म्हणून रोगी मेला, असे लिहून डॉक्टरने वही मिटावी तसे ते आहे. वेग का होता, कुणाला हवा होता, त्या वेगाला वजन किती जोडलेले होते, हे त्या रकान्यात मावत नाही.

७ ऑगस्ट २०२५ च्या सकाळी गडचिरोली–आरमोरी महामार्गावर काटली गावाजवळ व्यायामासाठी निघालेल्या सहा मुलांना ट्रकने चिरडले. चौघे गेले, दोघांना हेलिकॉप्टरने नागपूरला हलवावे लागले. मृतांच्या वारसांना प्रत्येकी ४ लाखांची मदत जाहीर झाली. त्याच महिन्याच्या अखेरीस राजुरा–गडचांदूर मार्गावर कापनगावजवळ ट्रक आणि ऑटोच्या धडकेत सहा जणांचा जीव गेला. त्याआधी १९ मे २०२२ च्या रात्री चंद्रपूर–मूल मार्गावर अजयपूरजवळ लाकडे भरलेला ट्रक आणि इंधनाचा टँकर एकमेकांवर आदळले आणि नऊ माणसे जळून मेली. तीन अपघात, तीन रस्ते, तीन प्रकारचे बळी: पायी चालणारे, ऑटोत बसलेले, खुद्द ट्रकवर असलेले. या सगळ्यांना ‘अतिवेग’ आणि ‘निष्काळजीपणा’ ही दोनच लेबले लावली, तर चौथा अपघात टाळण्यासाठी काय करायचे ते कुणालाच कळणार नाही. काटलीच्या मुलांपुरते बोलायचे तर त्या ट्रकचा चालक किती तासांपासून जागा होता हा एक प्रश्न आहे. आणि गावातल्या मुलांना व्यायामाला महामार्गाची कडच का सापडते, हा दुसरा.

२. रस्ता कुणासाठी, माल कुणाचा

आलापल्ली, एटापल्ली, आष्टी, चामोर्शी, गोंडपिपरी या पट्ट्यातले रस्ते एसटीची बस, वनविभागाचा लाकडाचा ट्रक आणि तेंदूपत्त्याच्या हंगामातली वाहतूक यांच्या बेताने झालेले. दोन्ही बाजूंना सागाचे जंगल, मध्ये डांबराची पट्टी. रुंदीकरण करायचे तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली मंजुरी लागते, झाडे तोडावी लागतात. ही मंजुरी नसावी असे मी म्हणत नाही. जंगल हे रस्त्याच्या वाटेतली अडचण नव्हे. तक्रार क्रमाबद्दल आहे. रस्ता रुंद व्हायला वर्षे लागतात आणि माल निघायला तेवढा वेळ लागत नाही.

सूरजागडच्या टेकडीवरची सुमारे ३४८ हेक्टरची लोहखनिजाची खाण पट्ट्याने देऊन झाली २००७ मध्ये. उत्खनन खऱ्या अर्थाने जोमात आले २०२१ नंतर. मार्च २०२३ मध्ये तिची पर्यावरण मंजुरी वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर गेली. हा आकडा रस्त्याच्या भाषेत वाचून पाहू. एका ट्रकमध्ये ३० टन माल धरला आणि सारा माल रस्त्याने न्यायचा म्हटला, तर ३० लाख टनांसाठी रोज पावणेतीनशे भरलेल्या खेपा लागतात. १ कोटी टनांसाठी नऊशेहून अधिक. तेवढेच ट्रक रिकामे परत येतात. म्हणजे दिवसरात्र, पावसाळा धरून, रस्त्याकडेच्या घरासमोरून दर पाऊण मिनिटाला एक ट्रक. सगळा माल रस्त्याने गेला नाही हे खरे. त्याकडे पुढे येतो. पण उत्पादनाचा आकडा मंजूर होतो तेव्हा खेपांचा आकडाही त्याच कागदावर मंजूर होत असतो, हे आपण मोजत नाही.

भाराचे गणित याहून निर्दय आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात प्रत्यक्ष रस्ते बांधून घेतलेल्या चाचण्यांतून एक ठोकताळा निघाला: रस्त्याची झीज ॲक्सलवरच्या भाराच्या चौथ्या घाताने वाढते. भार वीस टक्क्यांनी वाढवला तर झीज साधारण दुप्पट होते. भार दुप्पट केला तर सोळापट. आपल्याकडे जुलै २०१८ मध्ये केंद्राने मालवाहनांची कायदेशीर भारमर्यादाच वाढवली. तीन ॲक्सलच्या ट्रकचे एकूण वजन २५ वरून २८.५ टनांवर गेले. त्याच्यावर ओव्हरलोड आला की खड्डा पडतो, साइडपट्टी खचते, डांबराची कड वीतभर उंच राहते. समोरून हायवा डंपर आला की मोटारसायकलवाला त्या कडेवरून खाली उतरू पाहतो आणि घसरतो तो चाकांकडे. पंचनाम्यात लिहिले जाते, दुचाकीस्वाराचे नियंत्रण सुटले.

रस्त्याची रचना किंवा देखभाल निकषांप्रमाणे नसल्याने मृत्यू झाला, तर संबंधित यंत्रणेला आणि कंत्राटदाराला १ लाखापर्यंत दंड करण्याची तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आली आहे, कलम १९८-अ. पंचनामा चालकापाशी संपला की या कलमाची पाटी कोरीच राहते.

३. खेपेचे अर्थशास्त्र

ट्रक का पळतो? कारण थांबलेल्या ट्रकला पैसे मिळत नाहीत. खाणीवर, कोळशाच्या साइडिंगवर, सिमेंट कारखान्याच्या फाटकावर रांगेत गेलेले तास कुणाच्याच बिलात नसतात. पैसे खेपेचे किंवा टनाचे. रांगेत बुडालेला वेळ भरून काढायची एकच जागा उरते, ती म्हणजे रस्ता. बँकेचा किंवा फायनान्सचा हप्ता महिन्याला ठरलेला. खेपा कमी झाल्या म्हणून तो कमी होत नाही.

१९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा २०२५ पर्यंत सांगत होता की चालकाने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासच काम करावे. चांगला कायदा होता, पण तो लागू होता पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला. वाहतुकीचे कंत्राट एका मोठ्या ठेकेदाराला, त्याच्याकडून छोट्याला, आणि ट्रक मात्र एकेक-दोन-दोन गाड्या असलेल्या मालकांचे, अशी उतरंड लावली की शेवटच्या पायरीवर असा कायदा विरून जातो. कामाला स्थानिक तरुणांच्याच गाड्या लावा, ही मागणी या भागात न्याय्य म्हणून केली जाते आणि ती न्याय्य आहेही. पण तिची दुसरी बाजू अशी की कर्जाचा धोका आणि अपघाताचा धोका दोन्ही त्या तरुणाच्या नावावर जातात आणि माल मात्र वेळेवर पोहोचतो.

अजयपूरच्या ट्रकवर चालकासोबत मजूर होते. मालवाहू गाडीत बसलेल्या माणसाच्या भरपाईचा प्रश्न कायद्याने फार चिवट करून ठेवला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या आशा राणी निकालानुसार फुकट प्रवासी म्हणून बसलेल्याची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. माल चढवणारा-उतरवणारा नोकर म्हणून बसला असेल तर येते. पण त्या नोकरीचा कागद कुठे असतो? हजेरीपत्रक नाही, मजुरी रोख. भाजलेला चालक, चिरडलेला क्लीनर यांना आपण अपघाताचे कारण म्हणून मोजतो. बळी म्हणून मोजायचे विसरतो.

४. चक्काजामची तोड आणि न्यायाधिकरणाचे गणित

मृतदेह रस्त्यावर ठेवून बसलेल्या गावकऱ्यांना मी दोष देणार नाही. कागदी न्यायाचा अनुभव ज्यांच्याकडे नाही, त्यांच्या हातात तेवढीच एक वस्तू असते, थांबलेला रस्ता. डिसेंबर २०१६ मध्ये सूरजागड परिसरात माओवाद्यांनी सत्तरहून अधिक वाहने जाळली, तेव्हापासून इथल्या ट्रकचा विचार ‘सुरक्षा’ याच शब्दाखाली होत आला. ट्रकला धोका आहे हे शासनाला लगेच पटले. ट्रकचा धोका आहे हे पटवायला गावाला रस्ता अडवावा लागतो. तरीही या तोडीत गावकरी किती हरतात, हे मांडून दाखवले पाहिजे.

अठ्ठावीस वर्षांचा माणूस गेला असे धरू. मागे पत्नी, दोन मुले, आई. महिन्याची कमाई १० हजार. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी निकालांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांसाठी भरपाईची रीत ठरवून दिली आहे. वर्षाचे उत्पन्न १ लाख २० हजार. वय चाळीसच्या आत आणि कायम पगारी नोकरी नाही, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे: १ लाख ६८ हजार. अवलंबून असलेली माणसे चार, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करायचा: १ लाख २६ हजार. या वयाला गुणक सतरा. झाले २१ लाख ४२ हजार. शिवाय अंत्यविधी, मालमत्तेची हानी आणि सहवास हरपल्याबद्दलच्या ठरीव रकमा वेगळ्या, त्यावर दाव्याच्या तारखेपासून व्याज.

याच्या शेजारी रस्त्यावर ठरलेला सौदा ठेवा. चार लाख, पाच लाख, एखाद्याला कंत्राटी कामाचे तोंडी वचन. फरक सोळा-सतरा लाखांचा आहे, आणि ज्या घरातून एकमेव कमावता हात गेला त्या घराचा आहे.

फसगतीची एक जागा खुद्द कायद्यातही आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ नुसार कुणाची चूक होती हे सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळू शकतात. ऐकायला दिलासा वाटतो. पण विमा कंपनीचा तो प्रस्ताव स्वीकारून सही केली, की कलम १६६ खालचा पूर्ण भरपाईचा दावा संपतो. उलट सरकारने जाहीर केलेली सानुग्रह मदत घेतल्याने दावा बुडत नाही. हा भेद शोकात असलेल्या घराला सांगणार कोण? नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने अठ्ठेचाळीस तासांत न्यायाधिकरणाला पहिला अपघात अहवाल द्यायचा, दहा दिवसांत पीडितांना त्यांच्या हक्कांचा नमुना द्यायचा, नव्वद दिवसांत सविस्तर अहवाल पाठवायचा, आणि तो अहवालच दावा म्हणून धरता येतो. डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याची अंमलबजावणी करा म्हणून पुन्हा बजावले. दुर्गम ठाण्यातल्या, आधीच बंदोबस्तात अडकलेल्या अधिकाऱ्याच्या टेबलावर हा नमुना किती वर असेल, याचा अंदाज वाचकाने करावा.

त्यात मुदतीची मेख. १९९४ मध्ये काढून टाकलेली कालमर्यादा २०१९ च्या दुरुस्तीने परत आणली: अपघातापासून सहा महिने. सहा महिन्यांत सिरोंचा किंवा भामरागडच्या कुटुंबाने मृत्यू प्रमाणपत्र, वारसांचे कागद, एफआयआरची प्रत आणि वकील गोळा करायचा. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाने सांगितले आहे की केवळ उशीर झाला म्हणून दावे फेटाळू नका. आदेश अंतरिम आहे. त्याच्या भरवशावर थांबणे शहाणपणाचे नाही. दावा अपघाताच्या ठिकाणीच लावावा असे बंधन नाही, दावेदार राहतो त्या हद्दीतही तो चालतो. आणि विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जमातीच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. या दोन जिल्ह्यांतले किती बळी या कलमात बसतात ते वेगळे सांगायला नको.

५. कागद नसलेल्या माणसाचे उत्पन्न

वरच्या गणितात ‘महिन्याची कमाई १० हजार’ हे मी सहज लिहिले. खरी लढाई तिथेच असते. जंगलपट्टीतल्या घराची कमाई महिन्याची नसते. धानाची रोवणी आणि कापणी, उन्हाळ्याच्या तोंडावर मोहफुले, मे महिन्यात तेंदूपत्ता, ग्रामसभेच्या बांबूचे काम, रोजगार हमी, मधल्या काळात गिट्टी किंवा मुरमाच्या गाडीवर मजुरी. पाच ठिकाणांहून येणारा पैसा एकाही पगारपत्रकात दिसत नाही. विमा कंपनीचा वकील विचारतो, पुरावा काय? आणि न्यायाधिकरण किमान वेतनाच्या आसपास कुठेतरी आकडा टेकवते.

हा आकडा मान्य करण्याची सक्ती नाही. २०२१ च्या चंद्रा विरुद्ध मुकेशकुमार यादव या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की कागद नाही म्हणून किमान वेतन हीच अंतिम मोजपट्टी होत नाही, वाजवी अंदाज बांधता येतो. त्या प्रकरणातला मृत माणूस स्वतः जड वाहनाचा चालक होता, हे इथे लक्षात ठेवण्यासारखे. ज्या ग्रामसभा तेंदू आणि बांबूचा हिशेब स्वतः ठेवतात, त्यांच्याकडे कुणी किती पुडे तोडले, किती बोनस घेतला याची वही असते. ती वही उत्पन्नाचा पुरावा म्हणून न्यायाधिकरणापुढे गेली पाहिजे. धान खरेदी केंद्राची पावती, रोजगार हमीचे जॉबकार्ड यांचेही तेच. आणि घरातल्या बाईचे उत्पन्न शून्य धरायचे दिवस तर कायद्यानेच संपवले आहेत. २०२१ च्या कीर्ती निकालात गृहिणीच्या श्रमाचे मोल धरणे बंधनकारक मानले गेले. इथली बाई तर गृहिणी असूनही रोवणीत उभी असते आणि मोह वेचत असते.

जखमींच्या बाबतीत अन्याय अधिक बारीक आहे. वैद्यकीय मंडळ प्रमाणपत्र देते, डाव्या पायाचे अपंगत्व ४० टक्के. न्यायाधिकरण कमाईचेही ४० टक्के नुकसान धरून मोकळे होते. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालाने सांगितले आहे की अवयवाची टक्केवारी आणि कमाईची टक्केवारी एक नव्हे. त्या माणसाचा उद्योग पाहा. बसून काम करणारा कारकून तो पाय घेऊन कचेरीत जाईल. चिखलाच्या बांधीत तासन्‌तास वाकणारा, डोंगर चढून पाने तोडणारा माणूस त्याच पायाने जवळपास पूर्ण कमाई गमावतो. जंगलातले जगणे काय असते हे न्यायाधिकरणाला साक्षीतून सांगावे लागते. साक्षीदार माडिया भाषेत बोलतो आणि नोंद मराठीत होते, तेव्हा त्यातले किती उतरते? मुलचेऱ्याकडच्या बंगाली वसाहतींत आणि सिरोंचाच्या तेलुगू घरांत हीच अडचण वेगळ्या भाषेत उभी असते.

५ मे २०२५ पासून अपघातग्रस्तावर सात दिवसांपर्यंत, दीड लाखांच्या मर्यादेत रोखरहित उपचारांची योजना लागू झाली आहे. योजना योग्य. पण सूचिबद्ध मोठे रुग्णालयच दूर असेल, तर सात दिवसांपैकी पहिले मोलाचे तास रुग्णवाहिकेतच जातात.

६. हप्ता सगळ्यांना सारखा

विमा आहे, मग साखळीवर बोजा पडतोच की, असे कुणी म्हणेल. पडतो, पण असा की कुणाला जाणवू नये. थर्ड पार्टी विम्याचा दर सरकार ठरवते आणि तो ठरतो गाडीच्या एकूण वजनावर. २०२२ मध्ये अधिसूचित झालेल्या दरांत २० ते ४० टनांच्या मालवाहू गाडीला वर्षाला ४३,९५० रुपये, ४० टनांच्या वरच्या गाडीला ४४,२४२. फरक २९२ रुपयांचा. चालकाला विश्रांती देणारा मालक आणि न देणारा मालक एकाच रांगेत. पाच वर्षांत एकही अपघात नसलेला वाहतूकदार आणि दरवर्षी कुणाला तरी चिरडणारा वाहतूकदार, दोघांचा हप्ता तोच. माल पाठवणारा तर या चित्रात नाहीच. सावधपणाला बक्षीस नाही आणि बेफिकिरीला दंड नाही, अशा व्यवस्थेत सावधपणा हा निव्वळ तोटा ठरतो.

७. पुरावा वजनकाट्यावर आहे

मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही. खाणीतून निघणाऱ्या प्रत्येक ट्रकचे वजन होते. कारण स्वामित्वधन टनावर मोजले जाते. शासनाला आपला पैसा हवा असतो आणि कंपनीला आपला माल. म्हणून गाडीचा क्रमांक, वजन, निघाल्याची वेळ हे सारे पावतीवर छापले जाते. कारखान्याच्या फाटकावर पोहोचल्याची वेळ आणि वजन पुन्हा नोंदले जाते. कुठली गाडी एका दिवसात किती खेपा करते, दोन खेपांमध्ये विश्रांतीला वेळ होता की नाही, भार मर्यादेत होता की नाही, हे सगळे आधीच लिहिलेले आहे.

मग प्राणांतिक अपघाताच्या तपासात या नोंदी मागवणे सक्तीचे का नसावे? मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये ओव्हरलोडसाठी २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये दंड आहे, आणि तो गाडी चालवणाऱ्याइतकाच चालवायला लावणाऱ्याला व चालवू देणाऱ्यालाही लागू आहे. ‘लावणारा’ कोण, हे वजनपावती सांगते. मागल्या सात दिवसांच्या पावत्या एफआयआरला जोडल्या, तर ‘अतिवेग’ या रकान्यामागचा माणूस दिसू लागेल.

काही आक्षेप

पहिला आक्षेप दुचाकीस्वारांबद्दलचा. एका गाडीवर तिघे, हेल्मेट नाही, कुणी पिऊन. हे घडते आणि त्याने मरणे वाढतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण २०२० च्या मोहम्मद सिद्दीक निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की तिघे बसले होते एवढ्यावरून अपघाताला त्यांचा हातभार लागला असे ठरत नाही. तसे दाखवावे लागते. शिवाय ज्या भागात बस दिवसातून एकदा-दोनदा येते, तिथे तिसरा माणूस त्या गाडीवर का बसतो, हेही पाहावे.

दुसरा आक्षेप खोट्या दाव्यांचा. उत्तर प्रदेशात बनावट मोटार अपघात दाव्यांसाठी विशेष तपास पथक नेमावे लागले, ही वस्तुस्थिती आहे. वकील, दलाल आणि पोलिस यांची साखळी तिथे पकडली गेली. मात्र दलाली फोफावते ती माणसाला स्वतःचा हक्क माहीत नसतो तिथे. पोलिसांचा सविस्तर अहवालच दावा झाला तर दलालाला शिरायला फट उरत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो: खर्च वाढवलात तर उद्योग जाईल आणि रोजगारही. याचे उत्तर सूरजागडनेच दिले आहे. हेडरीपासून कोनसरीपर्यंत सुमारे ८५ किलोमीटरची वाहिनी टाकून खनिजाची भुकटी पाण्याबरोबर वाहून नेण्याची व्यवस्था झाली. जुलै २०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या हस्ते तिचे उद्‌घाटन झाले. वाहतुकीचा खर्च ताळेबंदात दिसला की अभियंत्यांना मार्ग सापडतो. त्या ताळेबंदात मृत्यूंचाही खर्च दिसत असता, तर हा मार्ग कदाचित आधीच सुचला असता. आणि वाहिनीने प्रश्न संपला असेही नाही. राजुरा-गडचांदूरचे सिमेंट, वेस्टर्न कोलफील्ड्सचा (वेकोलि) कोळसा, घुग्घुसकडे जाणारा माल, बल्लारपूरचा बांबू आणि लाकूड, धानाचे ट्रक यांना वाहिनी नाही. तिथे पावतीची सक्ती, रांगेच्या तासांचे पैसे आणि चालकांच्या पाळ्या या तीन अटी वाहतुकीच्या कंत्राटात घालणे एवढेच हातात आहे, आणि ते माल पाठवणाऱ्याच्या एका सहीने होते.

चौथा प्रतिवादी

न्यायाधिकरणातल्या नेहमीच्या दाव्यात तीन प्रतिवादी असतात: चालक, मालक, विमा कंपनी. माल पाठवणारा किंवा मुख्य वाहतूक ठेकेदार त्यात नसतो. कायद्याने तो दरवाजा पूर्ण बंद केलेला नाही. १९९७ मध्ये राजस्थान परिवहन महामंडळ विरुद्ध कैलाशनाथ कोठारी या प्रकरणात, भाड्याने घेतलेल्या बसवर प्रत्यक्ष नियंत्रण ज्याचे, त्या महामंडळालाच सर्वोच्च न्यायालयाने जबाबदार धरले. बस आणि खनिजाचा ट्रक एक नव्हे. कंपनी म्हणेल की चालकावर आमचा हुकूम चालत नव्हता. पण कुठली गाडी केव्हा भरायची, कुठल्या वाटेने न्यायची, केव्हा पोहोचली पाहिजे, हे कुणी ठरवले, याचे उत्तर कंत्राटात लिहिलेले असते. प्रत्येक खटल्यात हा मुद्दा टिकेल असे नाही. वकीलही बिचकतात: चौथी नोटीस बजावायची, तारखा वाढायच्या, अशिलाचा धीर सुटायचा.

त्यावर तोड अशी की चौथ्याला प्रतिवादी करण्याआधी त्याच्याकडून कागद मागवावेत. अपघाताच्या गाडीच्या मागल्या सात दिवसांच्या वजनपावत्या, वाहतूक परवाने आणि ठेकेदाराशी झालेला करार हजर करण्याचा अर्ज न्यायाधिकरणापुढे पहिल्याच तारखेला देता येतो. गडचिरोली आणि चंद्रपूरच्या विधी सेवा प्राधिकरणांनी या अर्जाचा एक छापील नमुना करून मोफत वकिलांच्या हाती ठेवावा. एक पानाचा होईल.